इन्स्टॉलर ७० टक्क्यांवरून मागे फिरतो – या १६०३चं करायचं काय?

शाईचा_डाग | शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. दोन दिवस एका इन्स्टॉलरने जीव नकोसा केलाय.

अण्णांच्या (माझे वडील) नव्या लॅपटॉपवर माझ्या जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर टाकायचंय. त्यांच्या हाताने लिहिलेल्या चाळीसेक वह्या आहेत, शाई फिकी पडत चाललीय. त्या स्कॅन करून ठेवायच्या, एवढंच काम. सॉफ्टवेअर जुनं आहे, पण माझ्या कॉम्प्युटरवर आजही मुकाट चालतं. दोन्हीकडे विंडोज ११.

होतं असं: सेटअपवर डबल क्लिक, परवानगी विचारतो, मी हो म्हणते, हिरवी पट्टी सरकायला लागते. ७० टक्क्यांच्या आसपास दोन-तीन सेकंद थबकते आणि मग उलटी मागे जायला लागते. अगदी पहिल्या रेघेपर्यंत. मग खिडकी येते, "इन्स्टॉलेशन अयशस्वी, एरर १६०३". खाली एकच बटण, ओके. काय ओके?

करून झालेले उपाय: रीस्टार्ट (तीनदा), 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर', अँटिव्हायरस तात्पुरता बंद, फाइल पुन्हा उतरवणे. फरक शून्य.

हे फोनवरून लिहितेय, त्यामुळे इंग्रजी शब्दही देवनागरीतच. सांभाळून घ्या.

उंटावरचा_शहाणा | ९:२०

रीस्टार्ट तीनदाच केलात? चौथ्यांदा लागतो.

टिंब | ९:२२

.

(धागा सापडावा म्हणून. माझंही १६०३ दोन वर्षं प्रलंबित आहे.)

रात्रपाळी | ९:४१

सी ड्राइव्हवर जागा किती आहे? १६०३च्या मागे बऱ्याचदा तेवढंच असतं. दुसरं म्हणजे, आधीचं अर्धवट इन्स्टॉल झालेलं काही 'ॲप्स'च्या यादीत दिसतंय का? असेल तर आधी ते काढा.

शाईचा_डाग | ९:५५

@रात्रपाळी, जागा २०० जीबीच्या वर मोकळी. लॅपटॉप कोरा करकरीत आहे, यादीत या सॉफ्टवेअरचं नावसुद्धा नाही. पट्टी मागे जाताना सगळं पुसून जाते बहुतेक.

रात्रपाळी | १०:०३

बरोबर, त्यालाच रोलबॅक म्हणतात. विंडोज इन्स्टॉलर प्रत्येक पायरी करताना ती उलटी कशी फिरवायची याची नोंद ठेवत जातो. मध्ये कुठे अडलं की त्या नोंदी शेवटाकडून वाचत सगळं पूर्ववत करतो. म्हणून पट्टी मागे जाते. चांगली सवय आहे खरं तर, फक्त अडलं कुठे ते सांगायची सवय नाही.

बिगरीतला | १०:१०

१६०३ म्हणजे नेमकं काय पण? गूगल केलं तर १२ वेगळी कारणं आणि १२ वेगळे उपाय दिसतात.

खटपट्या | १०:३४

@बिगरीतला, १६०३ म्हणजे "इन्स्टॉल करताना काहीतरी गंभीर बिनसलं". बस्स. कारण त्यात नाहीच. म्हणून १२ जण १२ उपाय सांगतात आणि प्रत्येकाचा उपाय त्याच्यापुरता खरा असतो.

त्याची भावंडं त्या मानाने सरळ बोलतात. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, थांबा. १६०२ म्हणजे तुम्हीच रद्द केलंत. १६१९ म्हणजे पॅकेजची फाइल उघडता आली नाही. १६३८ म्हणजे याचीच दुसरी आवृत्ती आधीपासून आहे. यांच्यात कारण नावातच असतं. १६०३ मात्र "विचारू नका" म्हणून दार लावून घेतो.

शाईताई, उपाय शोधणं थांबवा, लॉग (इन्स्टॉलर काय काय करतो त्याची नोंदवही) काढा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि एमएसआयएक्झेक, स्पेस, स्लॅश आय, मग अवतरणात एमएसआय फाइलचा (विंडोज इन्स्टॉलरचं मूळ पॅकेज) पत्ता, मग स्लॅश एल स्टार व्ही आणि लॉगसाठी एखादं नाव, असं द्या. देवनागरीत लिहिताना मलाच हसू येतंय, पण कळलं असेल. तुमच्याकडे नुसती ईएक्सई फाइल असेल तर ती चालवून बघा. ती आतली एमएसआय टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये उलगडते, तिथून खिडकी उघडी असतानाच कॉपी करून घ्या.

रात्रपाळी | १०:४०

+१. आणि ३०१० दिसला तर घाबरू नका. तो एरर नाहीच, "झालं, फक्त रीस्टार्ट करा" एवढंच त्याचं म्हणणं. आमच्याकडे एका नवशिक्याने शंभरेक मशीनवर ३०१० बघून सगळीकडे परत इन्स्टॉल चालवलं होतं. रात्रभर.

मोकळा_स्रोत | १०:५२

लिनक्स टाका. एक ओळ लिहायची, सगळी अवलंबित्वं आपोआप येतात, पट्टी नाही की ओके नाही.

उंटावरचा_शहाणा | १०:५४

आला! मी घड्याळ लावून बसलो होतो. धागा निघाल्यापासून १ तास ४० मिनिटं.

शाईचा_डाग | १०:५८

@मोकळा_स्रोत, अण्णा ७८ वर्षांचे आहेत. आत्ता कुठे उजवं क्लिक आणि डावं क्लिक यांचा वाद मिटलाय घरात.

मोकळा_स्रोत | ११:०५

मान्य. माघार. तसं खरं सांगायचं तर आमच्याकडेही "तुटलेली पॅकेजेस" नावाचा प्रकार आहे आणि त्यावर मीही रात्री जागवल्या आहेत. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

पाऊसवेडी | ११:३०

थोडं अवांतर, पण कुणी माझ्यासारखं करू नये म्हणून सांगते. मागे सी ड्राइव्ह भरला म्हणून मोठे फोल्डर शोधत बसले होते. विंडोज फोल्डरच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचा एक लपवलेला फोल्डर सापडला, कित्येक जीबीचा. आत फाइलींची नावं नुसते आकडे आणि अक्षरं. म्हटलं जुने इन्स्टॉलर पडून राहिलेत, आता काय कामाचे? शिफ्ट-डिलीट.

कॉम्प्युटर मस्त चालला. दीड महिना. मग एका प्रोग्रॅमचं अपडेट आलं, त्याने मूळ एमएसआय मागितली, ती नाही. काढून टाकायला गेले तर काढायलाही तीच फाइल लागते! म्हणजे टाकताही येईना, काढताही येईना, दुरुस्तही होईना. शेवटी फॉरमॅट.

रात्रपाळी | ११:३६

@पाऊसवेडी, दंडवत. तो फोल्डर म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमच्या जन्मदाखल्याची जपून ठेवलेली प्रत. त्याला हात लावायचा नसतो. पण लपवलेला आहे म्हटल्यावर माणूस नेमका तिथेच जाणार!

आजोबा_ऑनलाइन | १२:१५

तुमचं बरं आहे, निदान पट्टी तरी दिसते. आमच्या वेळी फ्लॉप्यांची चळत असायची. "डिस्क ४ घाला", घातली. "डिस्क ५ घाला", घातली. ड्राइव्हचा खर्र-खट्, खर्र-खट् असा ठेका पाठ असायचा. मग शेवटून दुसऱ्या डिस्कला तो ठेका चुकायचा. खर्र-खर्र-खर्र. तेव्हाच पोटात गोळा. स्क्रीनवर तीन पर्याय: सोडून द्या, पुन्हा प्रयत्न करा, दुर्लक्ष करा. मी डिस्क काढून तिचं पत्र्याचं झाकण दोनदा मागेपुढे करून, फुंकर मारून परत घालायचो. कधीकधी चालायचीही. का चालायची ते आजतागायत कळलेलं नाही.

बिगरीतला | १२:२०

काका, फुंकर मारल्याने थुंकीच जात असणार आत. :)

आजोबा_ऑनलाइन | १२:२८

जात असेल. पण चालायची.

दुसरी_बाजू | १:०५

इथे सगळे लॉग लॉग करतायत, पण साधी गोष्ट कुणी विचारली नाही. फाइल अख्खी उतरली आहे का? अर्धवट किंवा खराब फाइल असेल तर तुम्ही लॉग वाचून काय दिवे लावणार? आधी हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) तपासा. सर्टयुटिल, हायफन हॅशफाइल, फाइलचं नाव, एसएचए२५६. ६४ अक्षरांची ओळ येईल, ती तुमच्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या फाइलच्या ओळीशी ताडून बघा.

आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज "ही बाहेरून आली" असा शिक्का मारून ठेवतं. फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक' दिसत असेल तर तिथे खूण करा.

शाईचा_डाग | १:५०

@दुसरी_बाजू, मुद्दा रास्त होता. केलं. दोन्हीकडची ओळ अक्षर न् अक्षर तीच (अण्णांनी मोठ्याने वाचली, मी ताडली, आठ-आठ अक्षरांचे गट करून). अनब्लॉकही केलं. पुन्हा ७० टक्के, पुन्हा उलटी पट्टी.

बिगरीतला | १:५५

सेफ मोडमध्ये करून बघा? तिथे फालतू काही चालू नसतं.

रात्रपाळी | २:०२

नको. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवाच सुरू होत नाही. १६०३च्या जागी वेगळा एरर मिळेल, एवढाच काय तो बदल.

शाईचा_डाग | ३:२०

मंडळी, लॉग मिळाला! खटपट्या म्हणाले तशी खिडकी उघडी ठेवून टेम्पमधून एमएसआय उचलली, कमांड चालवली. पण ही नोटपॅडमध्ये ११ हजार ओळी झाल्यात. शेवटची ओळ: "प्रॉडक्ट... इन्स्टॉलेशन सक्सेस ऑर एरर स्टेटस: १६०३".

उंटावरचा_शहाणा | ३:२४

म्हणजे ११ हजार ओळी वाचून निष्कर्ष: १६०३. गंगेत घोडं न्हालं.

खटपट्या | ३:३१

शेवटून वाचायचं नाही हो ताई. शेवटी फक्त मयताची नोंद असते. शोधा: "रिटर्न व्हॅल्यू ३". मशीन इंग्रजीत असेल तर हे शब्द जसेच्या तसे सापडतील. फाइलच्या सुरुवातीपासून शोधा आणि जो पहिला सापडेल तिथे थांबा, कारण पुढचे बहुतेक त्याचेच पडसाद असतात. मग तिथून १०-१५ ओळी वर वाचा. तिथे घडलेलं असतं जे काय ते.

शाईचा_डाग | ४:१५

सापडलं. "रिटर्न व्हॅल्यू ३" दोनदा आहे, पहिल्याच्या वरचं उतरवते. शब्दश: इंग्रजी नाही लिहीत, अर्थ सांगते:

एक कस्टम ॲक्शन सुरू झाली, नाव काहीतरी ड्रायव्हर उलगडण्याचं आहे. मग ओळ: फाइल तयार करता येत नाही, पत्ता सी, युजर्स, ?????, ॲपडेटा, लोकल, टेम्प, आणि पुढे फाइलचं नाव. मग एरर १७२२, पॅकेजमधला प्रोग्रॅम नीट संपला नाही. मग रिटर्न व्हॅल्यू ३.

पाऊसवेडी | ४:२२

टेम्प फोल्डरला लिहिण्याची परवानगी नसेल. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, फुल कंट्रोल देऊन बघा.

दुसरी_बाजू | ४:२५

किंवा अँटिव्हायरस. बंद केला म्हणजे तो खरंच बंद असतो हा गैरसमज आहे.

टिंब | ४:२९

मला तांत्रिक काही कळत नाही, पण युजरचं नाव झाकून टाकलंत ते उत्तम केलंत. लोक लॉगमध्ये सगळी कुंडली चिकटवतात.

शाईचा_डाग | ४:३३

@टिंब, मी काही झाकलं नाही. लॉगमध्येच पाच प्रश्नचिन्हं आहेत.

खटपट्या | ४:३५

थांबा थांबा थांबा.

ताई, लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना खात्याचं नाव काय दिलंत? आणि कोणत्या लिपीत?

शाईचा_डाग | ४:३८

"अण्णा". मराठीत. त्यांना स्वतःचं नाव मराठीत दिसलं की बरं वाटतं म्हणून मीच टाईप करून दिलं होतं. का?

खटपट्या | ४:५२

मोजा. अ, ण, हलन्त, ण, काना. पाच. पाच प्रश्नचिन्हं.

इन्स्टॉलरमधला तो ड्रायव्हर उलगडणारा तुकडा जुन्या पद्धतीने लिहिलेला आहे, त्याला देवनागरी पत्ता वाचताच येत नाही. प्रत्येक अनोळखी चिन्हाच्या जागी तो ? ठेवतो. वर गंमत म्हणजे विंडोजमध्ये फाइल-फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, म्हणजे असा फोल्डर असणं अशक्य. मग कुठे लिहिणार बिचारा? आपटतो, आणि त्याच्या पायी आख्खं इन्स्टॉलेशन मागे फिरतं.

ॲडमिन म्हणून चालवून फरक का पडला नाही तेही यातच आलं. अण्णा स्वतःच ॲडमिन आहेत, अधिकार वाढले तरी खातं तेच, टेम्पही तोच.

@टिंब, आजचे मानकरी तुम्ही.

टिंब | ४:५५

मी?! काही न कळता? फ्रेम करून लावतो.

रात्रपाळी | ५:०१

वा. एवढी वर्षं इन्स्टॉलर चालवतोय, हे पहिल्यांदा पाहिलं. आमच्याकडे सगळ्यांची खाती रोमनमध्येच, त्यामुळे पाळीच आली नाही. ईमेलचं खातं जोडून लॅपटॉप सुरू केला तर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात, म्हणून बहुतेकांना हे कधी दिसतच नाही. हाताने नाव टाईप करणाराच सापडतो.

दुसरी_बाजू | ५:१०

मग चूक कोणाची? कॉम्प्युटरवर खात्याचं नाव रोमनमध्ये, स्पेसशिवाय, हा साधा दंडक आहे. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण तो फोल्डरच्या नावात कशाला?

पाऊसवेडी | ५:१४

@दुसरी_बाजू, हे पटलं नाही. विंडोजने रकाना दिला, रकान्याने देवनागरी घेतली, लॉगिनच्या पडद्यावर सुरेख दाखवली. कुठेही "रोमनच लिहा" असं म्हटलं नाही. माणसाने आपलं नाव आपल्या लिपीत लिहिलं यात कसला अभिमान न् कसलं काय? नावच आहे ते.

दुसरी_बाजू | ५:२०

तत्त्व म्हणून ठीक. वह्या तत्त्वाने स्कॅन होणार आहेत का?

जुना_पापी | ६:०५

बराच वेळ वाचतोय, आता कबुलीजबाब देतो. असे इन्स्टॉलर मी लिहिलेत. हा नव्हे, पण याच जातीचे.

विंडोजमधली मजकूर घेणारी बहुतेक जुनी फंक्शन्स जोडीने येतात. एकाच्या शेवटी ए, दुसऱ्याच्या शेवटी डब्ल्यू. डब्ल्यूवालं युनिकोड (जगभरच्या लिप्यांचा एकच सामाईक तक्ता) समजतं. एवालं त्या मशीनवर जी 'कोड पेज' निवडलेली असेल तेवढीच अक्षरं समजतं. ही कोड पेज म्हणजे जास्तीत जास्त २५६ चिन्हांचा तक्ता (चिनी-जपानीची गोष्ट वेगळी). पश्चिम युरोपची १२५२, रशियनची १२५१, ग्रीकची १२५३. त्यामुळे रशियन माणसाने रशियन विंडोजवर रशियन नाव ठेवलं तर एवालं फंक्शनही खुशाल चालतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की आपलं सॉफ्टवेअर जगभर चालतंय.

देवनागरीला विंडोजने अशी कोड पेज कधी दिलीच नाही. मराठी, हिंदी सुरुवातीपासून फक्त युनिकोडवर. म्हणजे आपल्यासाठी जुनी खटारा वाटसुद्धा नव्हती, एकदम नवा रस्ता. आणि जे जुन्या वाटेने चालत राहिले त्यांना आपण दिसलोच नाही, प्रश्नचिन्हं दिसली.

आता कबुली. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज एनटी १९९३पासून आतून युनिकोडच आहे. मी ज्या काळात तो माल लिहीत होतो तेव्हा या गोष्टींना दहा वर्षं उलटून गेली होती, तरी मी ए वापरत होतो. का? टाईप करायला सोपं. आणि चाचणी घ्यायची खाती दोन, 'टेस्ट' आणि 'ॲडमिन'. मी स्वतः मराठी माणूस, पण एकदाही माझंच नाव माझ्या लिपीत टाकून बघितलं नाही. त्यामुळे @दुसरी_बाजू, चूक कोणाची याचं उत्तर माझ्यापुरतं तरी ठरलेलं आहे.

पाऊसवेडी | ६:१२

असा प्रतिसाद वर्षातून एखादाच येतो. वाखु (वाचनखूण) साठवली.

आजोबा_ऑनलाइन | ६:३०

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), आमच्या जुन्या मराठी फाँटांच्या जमान्यात हा घोळ झालाच नसता. तेव्हा पडद्यावर मराठी दिसायचं, पण आतून ती रोमन अक्षरंच असायची, वर मराठीचा मुखवटा. फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की मुखवटा गळून पडायचा आणि प्रेमपत्राचं शिव्याशाप व्हायचं.

उंटावरचा_शहाणा | ६:३३

काका, प्रेमपत्रं फ्लॉपीवर?

आजोबा_ऑनलाइन | ६:३५

शेवटून दुसऱ्या.

शाईचा_डाग | ६:५०

@जुना_पापी, फार मोकळेपणाने लिहिलंत, आभार. पण आता करू काय? मध्यंतरी मी एक उद्योग केला: कंट्रोल पॅनेलमधून खात्याचं नाव बदलून रोमन केलं. लॉगिनला रोमन दिसायला लागलं, इन्स्टॉलर मात्र तसाच मागे फिरला. वर अण्णा विचारतायत, माझं नाव कुठे गेलं?

रात्रपाळी | ७:०२

ते नुसतं दर्शनी नाव. युजर्समधला फोल्डर खातं तयार होताना जो बनतो तो बनतो, नंतर नाव बदलून हलत नाही. आणि कृपा करून तो फोल्डर हाताने रीनेम करायला जाऊ नका, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) शंभर ठिकाणी जुना पत्ता असतो. लॉगिन केल्यावर कोरं तात्पुरतं प्रोफाइल समोर येईल आणि मग नवा धागा काढावा लागेल.

बिगरीतला | ७:०८

भाषेच्या सेटिंगमध्ये "जगभरातल्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा, बीटा" अशी एक चौकट बघितलीय मी. ती टिक केली तर?

जुना_पापी | ७:१५

@बिगरीतला, शाब्बास, विचार बरोबर दिशेने आहे. ती चौकट एवाल्या फंक्शन्सनाच यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची पद्धत) खायला लावते, म्हणजे देवनागरी त्यांनाही कळते. पण ते सगळ्या मशीनला लागू होतं. एक अक्षर म्हणजे एक बाइट असं गृहीत धरून लिहिलेले जुने प्रोग्रॅम त्यात कोलमडतात. देवनागरीचं एक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं, 'अण्णा' पंधरा बाइट. एका स्कॅनरसाठी अख्ख्या मशीनवर हा प्रयोग मी तरी करणार नाही.

खटपट्या | ७:२४

आधी स्वस्तातला उपाय. सी ड्राइव्हवर टेम्प नावाचा फोल्डर करा, रोमनमध्ये. मग ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, तिथे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स. वरच्या अर्ध्या भागात अण्णांच्या खात्याचे टीईएमपी आणि टीएमपी असे दोन आहेत, दोघांनाही या नव्या फोल्डरचा पत्ता द्या. एकच बदलून थांबू नका, कोणता प्रोग्रॅम कोणाकडे बघेल सांगता येत नाही. खालचा अर्धा भाग सगळ्या मशीनचा, त्याला हात नको. आधीचे पत्ते कागदावर लिहून ठेवा. साइन आउट, साइन इन, मग इन्स्टॉलर.

शाईचा_डाग | ८:४०

झालं!!! पट्टी ७० वर थबकली, माझा श्वासही थबकला, आणि पुढे गेली. १००. 'फिनिश' नावाचं बटण असतं हे मी विसरले होते.

उंटावरचा_शहाणा | ८:४२

अभिनंदन! आता चौथा रीस्टार्ट करून टाका.

शाईचा_डाग | ९:१०

आनंद अर्ध्या तासाचा. प्रोग्रॅम उघडतो, स्कॅनही करतो, पण सेव्ह म्हटलं की "सेटिंग्ज लिहिता येत नाहीत" म्हणून बंद पडतो. प्रत्येक वेळी.

जुना_पापी | ९:२१

हीच भीती होती. इन्स्टॉलर ज्याने लिहिला त्यानेच, किंवा त्याच्या शेजारी बसणाऱ्याने, प्रोग्रॅम लिहिलाय. तो आपली सेटिंग्ज ॲपडेटात ठेवायला जातो आणि तो पत्ता परत अण्णांच्या फोल्डरमधूनच जातो. टेम्पला बगल देता येते, याला नाही.

नवं खातं करा. स्थानिक, नाव रोमनमध्ये. अण्णांच्या फाइली सार्वजनिक फोल्डरमार्गे तिकडे हलवा. लॅपटॉप नवा आहे तोवरच हे सोपं आहे. सॉफ्टवेअर सगळ्या मशीनसाठी इन्स्टॉल झालं असेल तर पुन्हा टाकावंही लागणार नाही.

दुसरी_बाजू | ९:२५

म्हणजे शेवटी रोमनच. मी काय म्हणत होतो?

खटपट्या | ९:३३

@दुसरी_बाजू, इतक्यात नको. ताई, दुपारी तुम्ही चुकून जे केलंत तेच आता उलटं करा. खातं तयार करताना रोमन द्या, एकदा लॉगिन करून फोल्डर बनू द्या. मग कंट्रोल पॅनेलमधून नाव बदलून देवनागरी करा. दर्शनी नाव बदलतं, फोल्डर बदलत नाही. तेव्हा नडलं, आता कामी येईल.

पाऊसवेडी | ९:३६

आई शप्पत, काय डोकं आहे!

शाईचा_डाग | रविवार, सकाळी ११:२०

काल रात्री धीर संपला होता, आज सकाळी केलं. नवं खातं रोमनमध्ये, लॉगिन, फोल्डर तपासला (चार साधी रोमन अक्षरं), मग नाव बदललं. साइन आउट केलं तर पडद्यावर 'अण्णा', पूर्वीसारखं. सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागलं नाही. सेव्हही होतंय. टीईएमपी-टीएमपीची भानगड जुन्या खात्यापुरती होती, ते खातं आता काढूनच टाकते.

पहिली वही चालू आहे, १९७१ची. अण्णा पान उलटतात, मी झाकण लावते. मध्येच थांबून ते पान वाचतात, त्यामुळे तासाला नऊ पानं होतायत. इन्स्टॉलरपेक्षा हळू, पण मागे फिरत नाही.

कालचं सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मला पाच प्रश्नचिन्हं समजतो होय? नोकरीत सगळे एकच समजायचे."

आजोबा_ऑनलाइन | ११:३२

अण्णांना माझा नमस्कार सांगा. हा माणूस इथे हवा.

टिंब | ११:४०

माझं दोन वर्षांचं १६०३ काल रात्री लॉग काढून पाहिलं. रिटर्न व्हॅल्यू ३ एकदाच. वरती लिहिलंय, ड्राइव्ह एफ सापडत नाही. एफ म्हणजे माझा जुना पेनड्राइव्ह. तो कपाटात आहे.

खटपट्या | ११:४४

मग काढा की कपाटातून!

टिंब | ११:४५

कपाटाची किल्ली शोधतोय.